एका नावाची उपाहारगृहे

मोठ्या शहरांतून एकाच नावाची, एकाच सजावटीची उपाहारगृहे आज जागोजागी दिसतात. या पद्धतीस वळण लावले ते मॅकडोनल्ड बंधूंनी. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील आपले चालते उपाहारगृह त्यांनी १९४८ साली काही काळ बंद ठेवले व त्याची घडीच बदलली. पदार्थ मोजून नऊ ठेवले, मोटारीपर्यंत खाद्य नेऊन देणारे नोकर काढले आणि स्वयंपाकाची कामे कारखान्याप्रमाणे वाटून दिली. बर्गर १५ सेंटला मिळू लागला. १९९६ साली हे नाव दिल्ली-मुंबईस आले, आणि मग बटाट्याची टिक्की पावात शिरली. (आमचा बटाटेवडा तेथे आधीच जाऊन बसला होता!)

स्वच्छता, फलकावर लिहिलेला भाव, परक्या गावीही फसगत न होण्याची खात्री, हे लाभ लहान नव्हेत.

परंतु आमच्या इंदुरात सराफ्यातील सोन्याचांदीची दुकाने रात्री मिटली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस शिजू लागतो. थंडी आली की गराडू तळले जातात, थंडीबरोबरच नाहीसे होतात. कढईपुढचा मनुष्य मीठ हाताच्या अंदाजाने टाकतो. तो अंदाज मुलगा बापाजवळ बसून शिकतो. साखळीतील उपाहारगृहात माणूस बदलला तरी टिक्की बदलत नाही. धंद्याच्या हिशेबी हा गुण खरा. मला मात्र हीच मोठी हानी वाटते. सराफ्यातील एखाद्या मुलाने तेथे नोकरी धरली, तर तळणीची घंटा वाजेपर्यंत थांबावयाचे, एवढेच त्याला शिकावे लागते.