साखर उतरते, पण कळत नाही

प्रश्न : आई बरीच वर्षे इन्सुलिन घेते. हल्ली साखर ५५ पर्यंत उतरली तरी तिला घाम, थरथर काहीच जाणवत नाही. काय करावे?

उत्तर : साखर वारंवार उतरली की शरीराचा इशारा क्षीण होतो. काही आठवडे ती ७०च्या खाली जाऊ दिली नाही, तर बऱ्याच जणांत तो परत येतो. म्हणून इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून लगेच तपासून घ्या. जेवणापूर्वी आणि झोपताना साखर मोजा. परवडल्यास गजर देणारा सेन्सर लावा. आकडा ७०च्या खाली दिसताच, त्रास नसला तरी, १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंना उपवास करू देऊ नका.