४.३ निसर्गपटाचे आद्य प्रवर्तक आणि सत्याचा प्रश्न

माहितीपट वास्तव दाखवतो, असे आपण सामान्यतः मानतो. परंतु पडद्यावर जे दिसते ते सत्यच असते काय? निसर्गपटांच्या आरंभकाळातील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

उदाहरण १ : १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी आफ्रिकेत गेले. त्याच वर्षी शिकागोचे निर्माते विल्यम सेलिग यांनी स्टुडिओत जंगल उभारले, रूझवेल्टसारखा दिसणारा नट आणला आणि कॅमेऱ्यासमोर एका सिंहाला खरोखरच गोळी घालण्यात आली. हे खरे आफ्रिकेतील चित्रण आहे, असा प्रेक्षकांचा समज झाला व चित्रपट गाजला. ब्रिटिश छायाचित्रकार चेरी कीर्टन यांनी मात्र आफ्रिकेत जाऊन प्रत्यक्ष रूझवेल्ट यांचे चित्रण केले. १९१० मध्ये आलेल्या त्यांच्या चित्रपटात तसा थरार नव्हता. त्याला तशी लोकप्रियताही लाभली नाही.

उदाहरण २ : लंडनचे पर्सी स्मिथ हे शिक्षण खात्यात कारकून होते. १९१० च्या ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ या लघुपटात त्यांनी कळ्या उमलताना दाखवल्या. त्यासाठी ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले जाई. समजा, दर १५ मिनिटांनी एक चित्र घेतले, तर एका दिवसात ९६ चित्रे होतात. सेकंदाला १६ या गतीने ती ६ सेकंदांत पडद्यावरून सरकतात.

विवेचन : उघड्या डोळ्यांना फूल असे उमलताना कधीच दिसत नाही. म्हणजे स्मिथ यांनीही वास्तवात हस्तक्षेप केला. तरीही ती फसवणूक ठरत नाही. कारण जे घडले तेच, घडले त्याच क्रमाने त्यांनी दाखवले, केवळ काळ आखडला. सेलिग यांनी न घडलेली घटना घडल्यासारखी दाखवली आणि तिची किंमत एका मुक्या जीवाने मोजली. तेव्हा हस्तक्षेप झाला की नाही, एवढेच पाहून भागत नाही; त्याने सत्य उलगडले की झाकले, हे पाहावे लागते.

माहितीपटाचे निवेदन लिहिताना हा विवेक तुम्हालाही बाळगावा लागेल. चित्र निर्दोष असले, तरी त्यासोबतचे एक असत्य वाक्य प्रेक्षकाची दिशाभूल करू शकते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. सेलिग व स्मिथ यांच्या हस्तक्षेपांतील फरक स्पष्ट करा.
२. उमलत्या कळीच्या दृश्यासाठी, काळ आखडला आहे हे सूचित करणारे तीन वाक्यांचे निवेदन लिहा.