गोन्सालोची मधली वर्षं

करोल बाग, नवी दिल्ली
५ फेब्रुवारी

चि. बाळ,


सेमिनरी सोडून तू घरी आलास, हे ताईने रडत रडत सांगितलं. लोक काय विचारतील म्हणून तू मिस्सालाही जात नाहीस, हेही तिच्याकडूनच कळलं. फोनवर तू बोलणार नाहीस, म्हणून लिहितो.

आजच्याच दिवशी, १५९७ साली, आपला गोन्सालो गार्सिया नागासाकीला क्रूसावर गेला. वसईच्या किल्ल्यात त्याच्या सणाला तू माझं बोट धरून आला आहेस. पण आपण त्याचा शेवटच सांगत बसतो, मधली वर्षं कुणी सांगत नाही. हा वसईचा मुलगा जेज्विट फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं राबला. तुमच्या संघात घ्या म्हणून त्यांना विनवत राहिला. त्यांनी घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, आणि चांगला केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला घेतलं ते ब्रदर म्हणून. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. १५९३ मध्ये तो जपानला परतला तो दुभाषा होऊन. त्या वेळी कामी आलेली भाषा त्याच नकाराच्या वर्षांत शिकलेली होती, बाळ.

त्याच्यासह २६ हुतात्म्यांत १७ प्रापंचिक होते. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि पुढे धर्मगुरू उरलेच नाहीत. मग गावातलीच माणसं बाप्तिस्मा देत, सणांचे दिवस मोजत, पोरांकडून प्रार्थना घोकून घेत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत, याच २६ जणांच्या नावाने बांधलेल्या चर्चमध्ये, काही गावकरी फ्रेंच फादरांजवळ आले, आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे असं हळूच सांगितलं, आणि मरियामातेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. दोनशे वर्षांत त्यांनी फादर पाहिला नव्हता! प्रापंचिकांनाही पाचारण असतं, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्वतंत्र आदेश काढून सांगितलं. मला वाटतं, जपानचे ते गावकरी ते आधीपासून जगत होते.

माझंच बघ. रविवारी मिस्सा झाली की फादर ख्रिस्तप्रसादाची लहानशी डबी माझ्या हाती देतात. ती मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि गफार मार्केटच्या गर्दीतून कुणाशी न बोलता चालत जातो. चौथा मजला, जिना इतका अरुंद की वरून सिलिंडरवाला आला तर पुन्हा खाली उतरावं लागतं. वर केरळच्या एक निवृत्त नर्सबाई आहेत, दोन वर्षं घराबाहेर पडलेल्या नाहीत. टेबलावर इस्त्रीचा पांढरा रुमाल, त्यावर मेणबत्ती. माझी पावलं ऐकली की त्या दाराआडूनच प्रार्थना सुरू करतात. अशा वेळी मी धर्मगुरू नाही, याची खंत मला कधी वाटली नाही.

भीतीपोटी सोडलं असशील तर तुझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना तसं स्पष्ट सांग. विचार करून सोडलं असशील तर मान खाली घालू नकोस. लग्न किंवा परत जाणं, यातलं काहीही वर्षभर ठरवू नकोस. बायबल शिकून आला आहेस, धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिक्षक नेहमीच कमी पडतात. फादरांना जाऊन विचार.

येत्या रविवारी पहिल्या मिस्साला जा. ताईला सोबत ने. तिथून आलास की मला फोन कर, मी वाट पाहतो.

तुझा,
मामा