गुडघ्यांची झीज : वेळीच जपणूक, योग्य वेळी उपचार

मीरा-भाईंदरमध्ये लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती पुष्कळ आहेत. रेल्वे स्थानकांवरील पुलांचे जिने तर नोकरदारांच्या पाचवीलाच पुजलेले. अशा शहरात साठीच्या आसपास गुडघे कुरकुरू लागले की ‘आता वय झाले’ असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. त्यामुळे साध्या उपायांची वेळ निघून जाते, म्हणून हा विषय येथे घेतला आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा आहे. वैद्यकीय निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

झीज म्हणजे काय?

हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणद्रवातूनच तिचे पोषण होते आणि हा द्रव हालचालीने तिच्यात झिरपतो. कूर्चेत संवेदना नसल्याने सुरुवातीची झीज दुखत नाही. वय, स्थूलता, जुनी इजा व आनुवंशिकता ही तिची प्रमुख कारणे आहेत. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात ओसरत असेल तर बहुधा झीज असते. तो तासभर टिकला किंवा बोटांचे सांधे सुजले, तर आमवाताची तपासणी करावी. सांधा लाल व गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रोजची जपणूक

गुडघा दुखतो म्हणून पूर्ण विश्रांती घेणे हितावह नाही. त्याने मांडीचे स्नायू दुर्बळ होतात आणि सारा भार सांध्यावर येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच सेकंद रोखावा व सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. सपाट रस्त्याने नियमित चालावे. वजन एक किलो घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दुखणे वाढल्यास उकिडवे बसणे टाळावे व कमोड वापरावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण नेमके उलट करतात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो.

शस्त्रक्रिया केव्हा?

व्यायाम व औषधे करूनही रात्री झोप लागत नसेल, चार पावले चालणे कठीण होत असेल, तर सांधेरोपणाचा विचार करावा. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० व २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून तिची चर्चा घरोघरी पोहोचली. मात्र खर्चामुळे अनेक कुटुंबे मागे सरत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर सरासरी १,५८,३२४ रुपये छापील किंमत असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरली. तथापि शस्त्रक्रियागृह, भूल, वास्तव्य व नंतरचा व्यायामोपचार यांचा खर्च वेगळा असतो. म्हणून अंदाजपत्रक मागताना ‘यात काय काय धरले आहे?’ हे अवश्य विचारावे.

साहाय्य कोणास?

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना दाखल होण्यापूर्वीच भेटावे.

देणगीदारांना एक विनंती. शस्त्रक्रियेसाठी देणगी सहज मिळते, व्यायामोपचारासाठी क्वचितच. वास्तविक नवा गुडघा बसवल्यावर तो वाकवायला व त्यावर चालायला शिकवणारा व्यायामोपचारतज्ज्ञ नसेल, तर तो सारा खर्च निम्म्यावरच अडतो. आपल्या देणगीचा काही अंश त्यासाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती.