स्लॅब, वारा आणि ओले फडके

घराचा स्लॅब टाकण्याचे काम तुम्ही कधी ना कधी उभे राहून पाहिले असेल. मिक्सरची घरघर, डोक्यावरून पुढे सरकणारी घमेली, सकाळी फोडलेला नारळ आणि चहाची किटली हे सारे दृश्य ओळखीचे आहे. या कामात बहुतेक गोष्टी मोजून घेतल्या जातात. सिमेंटची पोती मोजतात, वाळू आणि खडी मापाने टाकतात, सळईची जाडी पाहतात. पाणीसुद्धा निदान बादलीने मोजतात. मोजत नाहीत ती फक्त हवा! आणि ही हवा तर काम चालू असताना आपला वाटा निमूटपणे उचलून नेत असते.

हे मला कळले ते जरा उशिरा, आणि एका गरीब माणसाचे पैसे अडकल्यावर.

२०१४ च्या जानेवारीतली गोष्ट. बार्शीजवळच्या एका गावात माझ्या मामांच्या घराचा स्लॅब होता. काम दुपारी तीनला संपले. पाच-साडेपाचला मामा वर गेले, तर स्लॅबवर ठिकठिकाणी भेगा! हात-दीड हात लांबीच्या आणि बऱ्याचशा एकमेकींना समांतर. मामांचा पारा चढला. "मिस्त्री, सिमेंट कमी घातलं तुम्ही," असे त्यांनी सर्वांसमक्ष सुनावले. मिस्त्री म्हणाले, "नाही हो मालक, वाऱ्यानं पाणी ओढलंय." मामांनी माझ्याकडे पाहिले. मी पडलो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक! मी खिशातला तापमापक काढला, सावलीत धरला आणि निकाल दिला, "हवेत फक्त २५ अंश आहेत. ऊन नाही, उन्हाळा नाही. हवेला दोष देता येणार नाही." मामांनी शेवटचा हप्ता अडकवून ठेवला.

माझ्या तापमापकात काही खोट नव्हती. चुकला होता तो मी. कसा, ते आता पाहू या.

ताजे काँक्रीट पसरून थापले की खडी-वाळू हळूहळू खाली बसते आणि पाणी वर येते. स्लॅबवर पाण्याचा जो चकचकीत थर दिसतो, तो हाच. जोवर हा थर आहे तोवर काळजी नाही. पण हवेने वरचे पाणी नेण्याचा वेग हा खालून पाणी येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, तर थर नाहीसा होतो आणि पाणी कणांच्या मधल्या बारीक फटींत मागे सरते. आता केशाकर्षणाचा खेळ सुरू होतो. रंगाचा ब्रश पाण्यात बुडवा. त्याचे केस सुटे-सुटे राहतात. बाहेर काढताच ते एकमेकांना घट्ट चिकटतात. पाण्याच्या वक्र पृष्ठाचा ताण त्यांना ओढून जवळ आणतो. काँक्रीटच्या वरच्या थरातले कणही असेच जवळ ओढले जातात. थर आक्रसू पाहतो, पण खालचा भाग त्याला हलू देत नाही, आणि काँक्रीट तर अजून मऊ, त्यात ताण सोसण्याची ताकद नाही. मग ते फाटते.

म्हणजे या भेगा काँक्रीट कठीण होण्याच्या आधीच, पहिल्या काही तासांत पडतात. सिमेंट कमी घातले असते तर काँक्रीट पुढे कमजोर निघाले असते. पण ते दोन-तीन तासांत असे समांतर भेगाळले, एवढ्यावरून सिमेंट कमी होते असे म्हणता येत नाही. हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते.

आता प्रश्न असा, की हवा पाणी किती वेगाने नेते? पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटत असतात. त्यांच्या या ओढीला आपण बाष्पदाब म्हणतो. पाणी जितके गरम तितका हा दाब जास्त. ३० अंश सेल्सिअसला तो पाऱ्याच्या ३१.८ मि.मी. इतका असतो. हवेत आधीच जी वाफ आहे तिचाही काही दाब असतो. बाष्पीभवन चालते ते या दोन दाबांच्या फरकावर. आणि पृष्ठभागालगत जो दमट थर साचतो तो झाडून नेण्याचे काम वाऱ्याचे. म्हणून चार गोष्टी मोजाव्या लागतात : काँक्रीटचे तापमान, हवेचे तापमान, हवेची आर्द्रता आणि वारा. मी चारांपैकी एकच मोजून न्याय देऊन मोकळा झालो होतो!

आठ-दहा दिवसांनी त्याच आळीत आणखी एक स्लॅब होता. मिस्त्री तेच होते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून उपकरणे घेऊन गेलो. मिस्त्री माझ्याकडे फारशा प्रेमाने पाहत नव्हते, हे सांगायला नकोच.

आर्द्रता मोजण्याचे साधन तुम्हाला शाळेतही बनवता येते. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर मलमलीचे ओले फडके गुंडाळा. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला तापमापक कमी तापमान दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. युक्ती सोपी आहे, पण चुका करायला जागा भरपूर! फडके नवे असेल तर त्यातली खळ धुऊन काढा. पाणी ऊर्ध्वपातित किंवा पावसाचे घ्या. विहिरीच्या जड पाण्याने फडक्यात क्षार साचतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फुग्यांवरून हवा वाहती हवी. हवा स्थिर असेल तर फडक्याभोवती दमट हवा साचते, ओला तापमापक पुरेसा उतरत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट वाटते. म्हणून दोन्ही तापमापक एका पट्टीवर बसवून, पट्टीला मूठ लावून ते गोफणीसारखे गरगर फिरवतात. सावलीत, अंगापासून दूर, मिनिटभर फिरवा आणि थांबताच आधी ओला तापमापक वाचा. ओल्याचे तापमान स्थिर होईपर्यंत हे पुन्हा करा.

मला मिळालेली मापे अशी : कोरडा २५ अंश, ओला १५ अंश. आता हिशेब. १५ अंशाला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब १२.८ मि.मी. असतो. दोन तापमानांतल्या फरकाच्या दर अंशाला सुमारे अर्धा मि.मी. वजा करायचा. फरक १० अंश, म्हणून ५ वजा. उरले ७.८ मि.मी. हा हवेतल्या वाफेचा दाब. २५ अंशाला संपृक्त दाब २३.८ असतो. ७.८ भागिले २३.८ म्हणजे सुमारे ३३ टक्के. इतकी कोरडी हवा, तीही थंडीत! पण देशावर पावसाळा सरला की जमिनीवरून येणारा कोरडा वारा काय करतो, हे आपल्या फुटलेल्या ओठांना आणि टाचांना ठाऊक असतेच.

हल्ली हातात मावणारे इलेक्ट्रॉनिक आर्द्रतामापक मिळतात. ते सोयीचे आहेत, पण आकडा ठळक दिसतो म्हणून तो बरोबर असेलच असे नाही. तपासणी घरी करता येते. बाटलीच्या झाकणात खायचे मीठ घ्या आणि ते ओलसर लगदा होईल इतकेच पाणी घाला. सगळे मीठ विरघळता कामा नये. हे झाकण व मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर त्याची खोड तुम्हाला कळली.

वारा मोजायला फिरत्या वाट्यांचा वायुवेगमापक असतो. तो स्लॅबपासून सुमारे अर्धा मीटर उंचीवर धरायचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वेधशाळेत वारा मोजतात तो जमिनीपासून १० मीटर उंचीवर, आणि तापमान मोजतात ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत. (ही पेटी तयार करणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे स्टीव्हन्सन ते त्यांचेच चिरंजीव.) देशभरच्या मापांची तुलना करायची तर ही पद्धत योग्यच आहे. पण फोनवर दिसणारा हवेचा आकडा तुमच्या स्लॅबवर घेतलेला नसतो. गल्लीतल्या तळमजल्याच्या स्लॅबवर वारा पडलेला असेल आणि आठव्या मजल्यावर तोच वारा टोपी उडवील. उपकरण जिथे काम आहे तिथेच न्यावे लागते. त्या दिवशी अर्ध्या मीटरवर वारा ताशी १५ कि.मी. भरला. धातूच्या नळीतला तापमापक काँक्रीटमध्ये खुपसला, तर ३० अंश. उन्हात तापलेली खडी आणि सिमेंटची स्वतःची उष्णता यांमुळे ते हवेपेक्षा गरम होते.

आता हे चार आकडे एकत्र कसे करायचे? अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या हेफ्नर सरोवरावर १९५० च्या सुमारास बाष्पीभवनाची मापे घेतली गेली. त्यांच्या आधारे मेंझेल यांनी १९५४ मध्ये काँक्रीटसाठी सूत्र मांडले आणि १९९८ मध्ये उनो यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले. ते असे : काँक्रीटच्या तापमानात १८ मिळवा आणि त्या संख्येचा अडीचावा घात काढा. घाबरू नका. संख्येचा वर्ग करून त्याला तिच्याच वर्गमुळाने गुणले की अडीचावा घात होतो. हवेच्या तापमानाचेही तसेच करा, पण त्याला आर्द्रतेच्या अपूर्णांकाने गुणा. पहिल्यातून दुसरे वजा करा. वजाबाकीला ‘वाऱ्याचा ताशी वेग अधिक ४’ या संख्येने गुणा, मग ५ ने गुणा आणि दहा लाखांनी भागा. उत्तर येते ते दर चौरस मीटरवरून ताशी किती किलोग्रॅम पाणी उडते याचे.

आमच्या स्लॅबसाठी : ३० + १८ = ४८. त्याचा अडीचावा घात सुमारे १५,९६०. २५ + १८ = ४३. त्याचा १२,१२५, गुणिले ०.३३ म्हणजे ४,००० च्या आसपास. वजाबाकी ११,९६०. वाऱ्याचे १५ + ४ = १९. सगळे मिळून उत्तर १.१ किलोग्रॅम.

हा आकडा लहान वाटतो का? एक चौरस मीटरवर एक किलोग्रॅम पाणी म्हणजे एक मि.मी. जाडीचा थर. दर तासाला एवढा थर नाहीसा होऊ लागला की भेगांचा धोका समजून उपाय करावेत, असा बांधकामात संकेत आहे. पाणी कमी सोडणाऱ्या मिश्रणात तर याहून कमी वेगालाही भेगा पडतात.

आता गंमत पाहा. मे महिन्यातली दुपार घ्या. हवा ४० अंश, आर्द्रता २० टक्के, काँक्रीट ३४ अंश, पण वारा पडलेला, ताशी ४ कि.मी. याच सूत्राने उत्तर येते ०.५८ किलोग्रॅम. म्हणजे जानेवारीतल्या आमच्या ‘गार’ दुपारच्या निम्मेच! आणि कोकणात किनाऱ्यालगत हवा व काँक्रीट दोन्ही ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के, वारा १५ असला तर ०.४२. घामाने अंग निथळते, पण स्लॅब सुखात असतो. आपल्या भारतीय मानकात हवेचे किंवा ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांवर गेले की त्याला उष्ण हवेतले काम मानून काळजी घ्यायला सांगितले आहे. ते ठीकच आहे, कारण उष्णतेने काँक्रीटचे इतरही नुकसान होते. पण ४० च्या खाली सारे निर्धास्त, असा अर्थ काढणारे माझ्यासारखे शहाणे फसतात.

मी १.१ हा आकडा मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, "सर, हे तर मी त्या दिवशीच सांगितलं होतं." माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून वाऱ्याच्या बाजूला बांबूंवर ताडपत्र्या बांधल्या. अर्ध्या मीटरवरचा वारा १५ वरून ५ वर आला. बाकी तिन्ही आकडे तेच धरून तुम्ही गणित करा, ०.५४ येईल. जिथे रंधा फिरवून झाला तिथे लगेच प्लॅस्टिकचा कागद अंथरला. मिश्रणात जास्तीचे पाणी मात्र मिस्त्रींनी घालू दिले नाही. त्याने काँक्रीट कमजोर होते, हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत होते. संध्याकाळी पाहिले तर ताडपत्री जिथे पोचली नव्हती त्या कोपऱ्यात दोन केसासारख्या भेगा होत्या. काँक्रीट अजून मऊ होते, म्हणून थापीने दाबून त्या मिटवता आल्या. बाकी स्लॅब स्वच्छ. रात्री मी मामांकडे वही घेऊन बसलो. त्यांनी गणित पूर्ण ऐकून घेतले नाही, पण दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा हप्ता पोचता केला.

तुमच्याकडे वायुवेगमापक नसेल तर आणखी एक प्रयोग करा. ३० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी ट्रे घ्या. त्यात काठोकाठ पाणी भरून तो स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला आणि गच्चीवर तासभर ठेवून पुन्हा तोला. ट्रेचे क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर, तेव्हा ९० ग्रॅम घट म्हणजे ताशी एक किलोग्रॅमची मर्यादा. तोलताना पाणी सांडू देऊ नका, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवा! मात्र ट्रेमधली घट स्लॅबवरच्या घटीपेक्षा बहुधा कमी भरेल. का, ते शोधा. सुरुवातीला आणि तासानंतर ट्रेमधल्या पाण्याचे तापमान मोजलेत, आणि ओल्या फडक्याचा तापमापक आठवलात, तर कारण सापडेल.