"काहीही चालेल" असं म्हणू नकोस

अगं, काल फोनवर तुझा आवाज किती पडलेला होता! लातूरहून पुण्यात येऊन दोन महिने झाले, वीस-पंचवीस ठिकाणी बायोडेटा दिला, कुठूनच उत्तर नाही. "ताई, इथं माझ्या ओळखीचं कुणीच नाही," म्हणालीस. ते मनातून काढून टाक.

मीही अशीच आले होते. कर्वेनगरात कॉट बेसिसवर एका खोलीत आम्ही चौघी, सगळ्या आपल्याकडच्याच. मला ताप आला तेव्हा त्या रात्रभर उशाशी बसल्या, ते कधी विसरणार नाही. पण नोकरीचं म्हणशील तर एकीला जे कळायचं, ते बाकीच्या तिघींना आधीच ठाऊक असायचं. एकाच जागेसाठी चौघी जायचो आणि चौघी परत यायचो.

मला काम सांगितलं ते डब्याच्या काकूंनी. दारात त्या दोन मिनिटं टेकायच्या, तेवढीच आमची ओळख. एकदा सहज बोलून गेले होते, "काकू, माझं बी.कॉम. झालंय, टॅली येतं." आठवड्यानं डबा हातात देता देता म्हणाल्या, "तुझं ते टॅली झालंय ना गं? नळस्टॉपच्या सीएंकडे डबा देते, तिथली मुलगी बाळंतपणाला माहेरी चाललीय. आजच जाऊन ये." जागा भरायची आहे हे अजून बाहेर कुणाला कळलंही नव्हतं. पुढच्या सोमवारी मी त्या टेबलाशी बसून व्हाउचर लावत होते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1973 साली हेच दाखवून दिलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, खबर देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकीचे अधूनमधून, नाहीतर क्वचितच भेटणारे. जिवाभावाची माणसं आपल्याच वर्तुळात वावरतात, तोंडओळखीचं माणूस दुसऱ्या आळीची बातमी आणतं.

म्हणून मेसच्या मावशी, अभ्यासिकेत शेजारी बसणारी, कॉलेजची वरच्या वर्गातली ताई, सगळ्यांशी बोल. पण "काहीही काम चालेल" असं सांगू नकोस, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. "मला जीएसटीचं काम येतं, कोथरूड ते स्वारगेट कुठंही चालेल" असं नेमकं सांग. मोठ्या कंपनीत कुणी ओळखीचं असेल तर रेफरल मागायला लाजू नकोस. ती भीक नव्हे.

आणि कुणी नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागितले, तर तिथून सरळ ऊठ. एका एजन्सीत मी रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरले होते. महिन्याभरात तिथं कुलूप. आईनं साठवलेले पैसे होते गं ते. खोलीतल्या एकीला जरी आधी विचारलं असतं तरी वाचले असते. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवू नकोस. जिथं कामाला जायचंय, तिथं काम करणाऱ्या एखादीला गाठून विचार, पगार वेळेवर होतो का, पीएफ कापतात का, संध्याकाळी सुटायला किती वाजतात.

एकटीला फसवणं सोपं असतं. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी बाया पोटासाठी पुण्यात आल्या. त्यातल्या अनेकींच्या हाती कचरा वेचण्याचं काम आलं. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि एकेकट्या राबणाऱ्या कचरावेचकांना ओळखपत्रं मिळाली, हक्कानं बोलता येऊ लागलं. आपण तर शिकलेल्या. कळलेली गोष्ट स्वतःपाशी ठेवू नकोस. जी जागा तुझ्या कामाची नाही, ती खोलीतल्या दुसरीला सांग.

रविवारी जेवायला ये. येताना बायोडेटाच्या दोन प्रती आण. एक माझ्याकडे राहू दे. दुसरी काकूंना देऊ, त्या अजूनही नळस्टॉपला डबे देतात.