बंद होणाऱ्या वीजसंचाला धुराची सूट का?

प्रश्न : चंद्रपूरच्या वीज केंद्रातला जुना संच काही वर्षांत बंद होणार म्हणून त्याला प्रदूषणाचे नियम लागू नाहीत, असे ऐकले. हे खरे आहे का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : अर्धे खरे. सूट मिळते ती सल्फर डायऑक्साइडपुरती. चिमणीतून उडणारी राख आणि धूळ यांची मर्यादा वेगळी असते. ही सूट तिला लागू नाही. तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा थर बसत असेल, तर तक्रार जरूर करा.

मुळात डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेतच लहान संचांना झुकते माप होते. 2016 पर्यंत उभारलेल्या 500 मेगावॉटच्या संचाला घनमीटरमागे 200 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची मुभा, तर 210 मेगावॉटच्या संचाला 600. पुढे मुदती वाढतच गेल्या. जुलै 2025 च्या दुरुस्तीनुसार 31 डिसेंबर 2030 पूर्वी निवृत्त होणाऱ्या संचाला हे मानक लागू नाही. मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे तसे हमीपत्र द्यावे लागते. तारीख उलटूनही संच चालवला, तर युनिटमागे 40 पैसे पर्यावरण भरपाई.

चार-पाच वर्षांसाठी कोट्यवधींची यंत्रणा बसवणे परवडत नाही, हा युक्तिवाद मला पटतो. पण विजेची मागणी वाढली की ‘निवृत्त’ संचाला मुदतवाढ मिळते, हेही आपण पाहतोच. म्हणून माहिती अधिकारात त्या हमीपत्राची प्रत मागा आणि त्यावरची तारीख तपासा.